‘मले पेटी ऐकू नाई येऊन राह्यली’ : झूम लाइव्हट्रॅक एल-१२ खेड्यातल्या रेकॉर्डिंगला कसा पडतो

खेड्यात भजन मंडळाचं रेकॉर्डिंग लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या टेकला हे वाक्य कानावर येतंच. ‘भाऊ, मले पेटी ऐकू नाई येऊन राह्यली.’ बुवांना पेटी ऐकू येत नाही म्हणून ते जोर लावतात. त्यांच्या जोरात पेटीवाल्याला स्वतःचे सूर लागेनासे होतात, म्हणून तो भाता जोरात ओढतो. खंजिरीवाला दोघांच्या वर जातो, ढोलकी त्याच्या मागे, टाळकऱ्यांना तर कुणीच थांबवू शकत नाही. लय पळते, सूर चढतो आणि चौथ्या भजनापर्यंत बुवांचा गळा बसलेला असतो. मग मंडळात कुरबुर सुरू होते आणि दोष कुणाच्या तरी वाजवण्यावर जातो. खरं तर चूक कुणाचीच नसते. एकत्र बसून वाजवणाऱ्या माणसांना एकमेकांचं नीट ऐकू आलं नाही की सेशनचा बट्ट्याबोळ होतोच.

झूम कंपनीच्या लाइव्हट्रॅक एल-१२ या रेकॉर्डिंगच्या यंत्राबद्दल बोलताना लोक ‘बारा चॅनेल, बारा ट्रॅक’ यावरच अडकतात. या यंत्राची खरी किंमत त्याच्या पाच हेडफोन जॅकमध्ये आहे. मिक्सर, रेकॉर्डर आणि कॉम्प्युटरचा ऑडिओ इंटरफेस ही तिन्ही कामं एका डब्यात करणारी यंत्रं आणखीही आहेत. पण पाच वाजवणाऱ्यांना पाच वेगवेगळे मिक्स, प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि तेही वेगळा हेडफोन अँप्लिफायर न घेता, हे इथे मिळतं. खंजिरी भजन, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाची गाणी, दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार, असं सगळ्यांनी मिळून वाजवायचं संगीत ज्यांना गावातच रेकॉर्ड करायचं आहे, त्यांनी हे यंत्र याच नजरेने बघावं.

आधी जोडणी. एक ते आठ हे माईकचे चॅनेल. ९/१० आणि ११/१२ या दोन स्टिरिओ जोड्या, लाइन लेव्हलच्या, म्हणजे माईकच्या नाही तर कीबोर्डसारख्या वाद्यांच्या. झाडीपट्टीच्या वाद्यवृंदाला ही रचना अगदी मापात बसते: कीबोर्ड एका जोडीत, ऑक्टोपॅड दुसऱ्या जोडीत, आणि आठ माईक माणसांना नि चामड्याच्या वाद्यांना. खंजिरी भजनासाठी वाटप असं ठेवावं: १ मुख्य गायक, २ पेटी, ३ ढोलकीची धुम, ४ ढोलकीची शाई किंवा तबल्याचा एकच माईक, ५ खंजिरी, ६ आणि ७ कोरस, ८ रिकामा. हा आठवा राखून ठेवाच. कुठली ना कुठली वायर ऐनवेळी दगा देते.

टाळ आणि झांजेला माईक देऊ नये. पितळेचा तो आवाज खोलीतल्या प्रत्येक माईकमध्ये आपोआप शिरतो आणि एकदा बुवांच्या माईकमध्ये बसला की मिक्सिंगच्या वेळी काही केल्या निघत नाही. टाळकऱ्यांना बुवांपासून सगळ्यात लांब, त्यांच्या माईकच्या पाठीकडे बसवावं. टाळ कमी पडला असं आजवर कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये झालेलं नाही.

खंजिरीचा प्रश्न जरा तपशिलात बघायला हवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांपासून चालत आलेल्या पद्धतीत गाणाराच पुष्कळदा खंजिरी वाजवतो, म्हणजे आवाज आणि खंजिरी एकाच जागी, हातभर अंतरावर. माईक वरून खाली झुकवून तोंडासमोर धरला की त्याचं तोंड थेट खंजिरीकडेही होतं. त्याऐवजी माईक खालून वर, हनुवटीच्या बाजूने तोंडाकडे करावा. साध्या कार्डिऑइड माईकला पाठीमागचं सर्वात कमी ऐकू येतं. त्याची पाठ खंजिरीकडे जाईल असा कोन साधला आणि खंजिरी छातीसमोर न धरता किंचित बाजूला, कमरेच्या रेषेत धरली, की आवाजात शिरणारा खणखणाट बराच उतरतो. खंजिरीचा स्वतःचा माईक दीड-दोन फुटांवर, चामड्याच्या मध्याकडे रोखलेला. झांजऱ्यांच्या कडेला लावला तर फक्त खणखण येते, थाप येत नाही.

पेटीचा माईक भात्याच्या बाजूला कधीच नको, तिथे हवेची फुसफुस असते. समोरच्या बाजूने, वीतभर ते फूटभर अंतरावर, पट्ट्यांपेक्षा थोडा वर. जवळ नेला तर पट्ट्यांचा खटखटाट सुरांपेक्षा मोठा येतो. ढोलकीला दोन माईक लावत असाल तर एका माईकचं त्याच्या तोंडापासून जेवढं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये ठेवावं. नाही तर धुम पातळ होते आणि ढोलकीवाल्याला वाटतं आपली ढोलकीच उतरली.

गेन, म्हणजे माईकचा आवाज यंत्रात किती वाढवून घ्यायचा ते, लावण्याची एक पक्की रीत आहे. मंडळाला भजनाचं ध्रुवपद वाजवायला सांगू नका. भजनाचा शेवट वाजवायला सांगा, जिथे लय चढलेली असते आणि खंजिरी पूर्ण अंगाने वाजत असते. त्या जोरावर लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन द्या. खऱ्या टेकमध्ये माणूस चाचणीपेक्षा जोरात वाजवतो, हे गृहीत धरूनच चालायचं. एल-१२ चं रेकॉर्डिंग २४ बिटचं आहे, ३२ बिट फ्लोटचं नाही. एकदा थाप फाटली की फाटली, नंतर दुरुस्ती नाही. उलट थोडं हळू आलेलं रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये वाढवता येतं, त्याने काही बिघडत नाही. प्रत्येक माईक चॅनेलला एका घुंडीचा कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारी सोय) आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी ती घुंडी शून्यावरच ठेवा. दाबायचं असेल ते मिक्सिंगला दाबता येईल.

कंडेन्सर माईकला वायरीतून लागणारी वीज, म्हणजे फँटम पॉवर, चार-चार चॅनेलच्या गटाला एकत्र मिळते. एकाच माईकपुरती चालू-बंद करता येत नाही. म्हणून कंडेन्सर माईक सगळे एका गटात आणि साधे डायनॅमिक दुसऱ्या गटात, अशी मांडणी आधीच ठरवा. चांगल्या डायनॅमिक माईकला फँटमने इजा होत नाही. पण घरी जोडलेल्या, चुकीच्या टाक्याच्या वायरी ज्या गटात असतील तिथे फँटम नको.

आता हेडफोन. ए ते ई असे पाच आउटपुट. फेडरजवळची (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्यांजवळची) बटणं दाबली की तेच फेडर त्या-त्या हेडफोनचा मिक्स दाखवतात आणि बदलतात. ए बुवांना: स्वतःचा आवाज मोठा, पेटी त्याहून थोडी कमी, खंजिरी जेमतेम. बी पेटीवाल्याला: बुवा आणि पेटी बरोबरीने. सी ढोलकीला: खंजिरी आणि बुवा, पेटी थोडी. डी खंजिरीला, किंवा ते काम बुवांकडेच असेल तर बाहेरून आलेल्या कीबोर्डवाल्याला. ई कोरसला, बाहेर एक स्प्लिटर लावून. कोरसमधल्या सगळ्यांना हेडफोन देण्याच्या भरीस पडू नका. दोघांना दिले तरी बाकीचे त्यांच्या मागे येतात.

इथेच सगळ्यात जास्त होणारी चूक बसलेली आहे. ऑपरेटर सी चा मिक्स करायला जातो, तेवढ्यात कुणी हाक मारतो, आणि परत आल्यावर तो मास्टर, म्हणजे मुख्य मिक्स, समजून सी चेच फेडर हलवत बसतो. ढोलकीवाल्याच्या कानात अचानक सगळं गायब होतं आणि टेक तुटतो. प्रत्येक बदलानंतर मास्टरचं बटण दाबायचं, ही सवय हाताला लागायला हवी. दिलासा एवढाच की वेगवेगळे ट्रॅक फेडरच्या आधीच रेकॉर्ड होतात, त्यामुळे या गडबडीत मूळ ट्रॅकला काही होत नाही. फेडर मोटरवाले नाहीत. जतन केलेला सीन (सेटिंगची साठवलेली मांडणी) परत बोलावला की फेडरची जागा आणि आतली लेव्हल जुळत नाही. नऊ सीन जतन होतात, पण गेनच्या घुंड्या कुठे होत्या हे यंत्राच्या लक्षात राहत नाही. सगळं जमलं की मोबाइलवर पॅनेलचा फोटो काढून ठेवा. जेवणाच्या सुटीनंतर तोच फोटो कामी येतो.

हेडफोन बंद पाठीचे घ्या. उघड्या पाठीचे घेतले तर बुवांच्या कानातली पेटी बुवांच्याच माईकमध्ये गळते. ज्येष्ठ गायकांना दोन्ही कान झाकले की सूर हरवल्यासारखं वाटतं. त्यांनी एक कान मोकळा ठेवावा, फक्त सुटलेला कप गालावर लोंबकळत न ठेवता कानामागे डोक्याला टेकवावा. यंत्रात मेट्रोनोम आहे, पण भजनाला तो वापरू नये. भजनाची लय चढतीच असते, तिला खुंटीला बांधलं की जीव जातो. कीबोर्ड-ऑक्टोपॅडच्या गाण्याला मात्र वापरावा.

एकमेकांना ऐकू न येण्याचं दुखणं जगात सगळीकडे सारखंच आहे. १९७१ च्या उन्हाळ्यात रोलिंग स्टोन्स हा इंग्लंडचा रॉक बँड फ्रान्समधल्या विलफ्रांश-सुर-मेरच्या नेलकोट बंगल्यात, तळघरात, रेकॉर्डिंग करत होते. यंत्रं बाहेर उभ्या ट्रकमध्ये, वादक आत वेगवेगळ्या खोल्यांत, दमट उकाड्यात गिटारचे सूर एकसारखे उतरायचे आणि इंजिनिअर अँडी जॉन्सला निरोप द्यायला ट्रकमधून उतरून आत धावावं लागायचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डीप पर्पल हा दुसरा रॉक बँड तोच ट्रक घेऊन स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोला गेले. ज्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं तोच ४ डिसेंबरला आगीत गेला. नंतर घेतलेल्या थिएटरमधून आवाजाच्या तक्रारींमुळे बाहेर पडावं लागलं आणि शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या हॉटेलच्या पॅसेजमध्ये गाद्या लावून काम झालं. घेतलेला टेक ऐकायला ट्रकपर्यंत जायचं म्हणजे खोल्या आणि बाल्कन्या ओलांडून जायचं. अखेर त्यांनी ऐकायला जाणंच सोडलं.

एल-१२ वर टेक संपला की जागेवर बसल्या-बसल्या, त्याच पाच हेडफोनवर, सगळे ट्रॅक लगेच ऐकता येतात. ‘माझं चुकलं नव्हतं’ हा वाद अर्ध्या मिनिटात मिटतो. चुकलेली एखादी ओळ पंच-इनने तेवढीच परत घेता येते. मात्र टाळ वाजत असताना घेतलेल्या ओळीवर टाळ नसताना पंच-इन केला तर जोड कानाला कळतो. पंच-इन करताना टाळकऱ्यांनीही वाजवायचं.

झाडीपट्टीत हंगामाच्या तोंडावर वडशाहून किंवा नागपुराहून एखादा कीबोर्डवाला दिवसाच्या मानधनावर येतो. त्याला चाली माहीत नसतात. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्या कंटाळलेल्या, भांडणाला आलेल्या सेशनमध्ये बाहेरचा कीबोर्डवादक बिली प्रेस्टन येऊन इलेक्ट्रिक पियानोवर बसला आणि दोन-चार गाणी होता होता खोलीचं वातावरण निवळलं. अशी माणसं कान देऊन वाजवतात. तालीम नसली तरी चालतं, ऐकू यायला हवं. बाहेरच्या वादकाला स्वतःचा मिक्स मिळाला की तो दुसऱ्या टेकला गाण्यात असतो. झाडीपट्टीच्या नाटकात वादकांच्या खड्ड्यात बसून रात्रभर साथ करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याच सेशनमधली दुसरी गोष्ट. लंडनच्या सॅव्हिल रोच्या तळघरात खास बनवून घेतलेली रेकॉर्डिंगची यंत्रणा ऐनवेळी कामाची नाही हे कळलं आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडून सामान आणावं लागलं. नवीन यंत्र, नवीन कार्ड, नवीन वायर यांची पहिली चाचणी मंडळ गोळा झाल्यावर करायची नाही. आदल्या दिवशी अख्खा एक तास सगळे चॅनेल चालू ठेवून रेकॉर्ड करा, कार्ड कॉम्प्युटरला लावून फाइली उघडून बघा.

कार्डाचा हिशेब. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक ट्रॅक तासाला साधारण अर्धा जीबी घेतो. बारा ट्रॅक आणि स्टिरिओ मास्टर मिळून तासाला सव्वासात जीबी. ३२ जीबीच्या कार्डावर सव्वाचार तासांच्या आसपास जागा, म्हणजे भजनाच्या दिवसाला पुरेशी. झाडीपट्टीचं रात्रभराचं नाटक पूर्ण घ्यायचं असेल तर ६४ जीबी लागेल. ९६ किलोहर्ट्झच्या मागे लागू नका. जागा दुप्पट जाते, आतले इफेक्ट वापरता येत नाहीत आणि खंजिरीला त्याचा काही फायदा नाही.

वीज हा या यंत्राचा सर्वात कच्चा दुवा. आत बॅटरीची सोय नाही, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरच चालतं. अडॅप्टर कमी व्होल्टेज सहज सोसतो, त्यामुळे शेतीच्या फीडरला थ्री-फेज आला, सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि घरचा दिवा पिवळा पडला तरी यंत्र चालू राहतं. पण वीज क्षणभर जरी गेली तरी चालू फाइल नीट बंद होत नाही आणि टेक हातचा जाण्याची भीती असते. कॉम्प्युटरचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस मध्ये लावा. यंत्र फार तर २४ वॉट घेतं, तेवढ्यात टेक संपवून फाइल बंद करायला भरपूर वेळ मिळतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घुंईंग ऐकू येऊ शकते, साइन वेव्हवर नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर थेट जोडण्याचा मोह अनेकांना होतो. इंजिन चालू असताना ते व्होल्टेज १४ च्या वर जातं. मध्ये १२ व्होल्टचा रेग्युलेटर आणि अडॅप्टरवर छापलेल्या पोलॅरिटीची खात्री, या दोन्हींशिवाय ते करू नये. कीबोर्डचा अडॅप्टर आणि एल-१२ चा अडॅप्टर एकाच बोर्डावर लावा. वेगळ्या खोल्यांतल्या बोर्डांवर लावले की गुणगुण सुरू होते. गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन काढू नका, कीबोर्डला डीआय बॉक्स (गुणगुण तोडणारा छोटा डबा) लावा.

खोली कुठली? पत्र्याचं शेड नको. उन्हात पत्रा तडतडतो आणि आत माणूस भाजतो. देवळाचा सिमेंटचा सभामंडपही नको, तिथे खंजिरीची एक थाप चार वेळा ऐकू येते. मातीच्या भिंतीचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर सगळ्यात चांगलं. आणि यवतमाळ-वर्ध्याकडे भाव येण्याची वाट बघत घरात कापूस साठवलेला असतो त्या दिवसांत तर खोली आपोआप तयार असते. कापसाची गंजी आवाज जसा पिऊन टाकते तसा विकतचा फोम पीत नाही. बुवांना कापसाकडे पाठ करून बसवा, म्हणजे माईकच्या तोंडासमोर कापूस येतो आणि मागून उलटणारा आवाज मरतो. फक्त त्या खोलीत हॅलोजन नको, बिडी नको, उघडे जोड असलेलं एक्स्टेंशन नको. माँट्रोचा कॅसिनो आग लागून बेचिराख झाला, तो प्रेक्षकातल्या एकाने छताकडे सोडलेल्या फ्लेअरमुळे.

पंखा बंद करावा लागतो, म्हणून मे महिन्यात दुपारचं सेशन ठरवू नका. उन्हाने चामडं ताणतं आणि ढोलकी चढते, पेटीचे धातूचे सूर मात्र उकाड्यात किंचित उतरतात. दोन्ही उलट दिशेला जातात. पावसाळ्यात ढोलकी सैल पडते. दर दोन भजनांनी पेटीच्या षड्जाशी मिळवून घ्या. जुनी पेटी आणि कीबोर्ड एकत्र असतील तर मोबाइलच्या ट्यूनरवर पेटीचा सूर किती सेंट (सुराचं बारीक माप) चढा-उतरता आहे ते बघा आणि कीबोर्डचं ट्यूनिंग तेवढं हलवा. पेटी जागेवर मिळवता येत नाही, कीबोर्ड एका मिनिटात मिळतो.

पाचपेक्षा कमी माणसांचं काम असेल, किंवा दंडार चौकातच घ्यायची असेल, तर याच मालिकेतला छोटा एल-८ बघा. तो चार पेन्सिल सेलवर किंवा पॉवर बँकवर चालतो. मात्र त्याला माईकचे इनपुट सहाच आहेत आणि हेडफोनचे वेगळे मिक्सही कमी. खंजिरी, ढोलकी, पेटी, बुवा आणि कोरस असं पूर्ण मंडळ बसणार असेल तर एल-१२ च घ्या. आणि यंत्राच्या पैशांतच पाच हेडफोन, प्रत्येकाला तीन मीटरची एक्स्टेंशन, एक यूपीएस आणि दोन कार्डं धरा. हेडफोनचे पैसे वाचवून मोबाइलचे इयरफोन लावले की दुसऱ्या टेकला तेच वाक्य परत ऐकू येतं.